पाप आधी माणसाची नजर बिघडवतं

नमस्कार मंडळी.

आज पापाबद्दल बोलायचंय. हा शब्द कानावर पडला की आपल्यातले बरेच जण मनातल्या मनात एक लिस्ट काढतात, खोटं बोलणं, चोरी, व्यभिचार, खून, आणि मग त्यातलं आपण काय काय केलंय ते बघतात, मोठं काही निघालं नाही की जरा बरं पण वाटतं. ख्रिस्ती विश्वासात पापाचा विचार या लिस्टपाशी सुरूच होत नाही, लिस्ट फार नंतर येते. आधी येतो तो माणूस, त्याला काय हवंसं वाटतं, त्याला काय दिसतं आणि काय दिसेनासं झालंय. मला आज एवढंच सांगायचंय की पाप माणसाला बिघडवतं म्हणजे त्याच्यातलं नेमकं काय बिघडवतं, कारण हे नीट कळलं नाही तर कृपा, तारण, नवा जन्म हे सगळे नुसते भजनात म्हणायचे शब्द होऊन बसतात.

मार्कच्या शुभवर्तमानात 7 व्या अध्यायात परूशी आणि शास्त्री, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारे आणि शिकवणारे यहूदी लोक, वाद घालायला येतात की तुमचे शिष्य हात न धुताच जेवतात, वाडवडिलांची रीत मोडतात. प्रभू येशू त्यांना उत्तर देतात आणि मग लोकांना जवळ बोलावून सांगतात की बाहेरून पोटात जाणारं काही माणसाला विटाळवत नाही, जे आतून, अंतःकरणातून निघतं ते विटाळवतं. आणि मग जी नावं घेतात ती ऐका, त्यात खून आहे, चोरी आहे, आणि त्याच दमात हेवा आहे, गर्व आहे, मूर्खपणा पण आहे. आपण यांच्यात केवढं अंतर ठेवतो! खुनी माणूस वेगळा आणि शेजाऱ्याचं चांगलं झालेलं न बघवणारा माणूस वेगळा असं आपल्याला वाटतं, येशू सांगतात की दोन्ही एकाच ठिकाणाहून येतं.

आता इथे एक गैरसमज लगेच होतो, तो आधी काढून टाकू. माणूस मुळात वाईट बनवलेला आहे असं ख्रिस्ती लोक मानत नाहीत. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपात निर्माण केलं आणि केलेलं सगळं बघितलं तर ते फार चांगलं होतं असं लिहिलंय. संत ऑगस्टीन, 354 मध्ये उत्तर आफ्रिकेत जन्मलेले, तरुणपणी जवळजवळ नऊ वर्षं मानी पंथाच्या लोकांबरोबर होते, ते लोक म्हणायचे की चांगलं आणि वाईट अशा दोन शक्ती कायमच्या एकमेकींशी लढतायत आणि माणसातलं वाईट त्या दुसऱ्या शक्तीचं. ऑगस्टीन यांना शेवटी ते पटेना. त्यांनी मांडलं की वाईटाचं स्वतःचं असं काही नसतंच, जे आहे ते चांगलंच आहे, फक्त बिघडलेलं. मला हा विचार फार महत्त्वाचा वाटतो. म्हणजे बघा, आपल्या माणसांवर प्रेम करणं चांगलं, तेच वाकडं झालं की परक्यांचा द्वेष. न्यायाची चाड चांगली, ती वाकडी झाली की सूड. बुद्धी देवाची देणगी, पण तीच बुद्धी आपण केलेल्या गोष्टीला कारणं शोधायला किती फास्ट चालते ते प्रत्येकाने आपल्या मनाशी तपासून बघावं.

उत्पत्तीचा तिसरा अध्याय वाचताना लोक फळापाशी थांबतात. त्याच्या पुढे काय होतं ते बघा ना. पहिली गोष्ट, देवाने मना केलेलं फळ खाल्ल्यावर आदाम आणि त्याची बायको, ते दोघे लपतात. ज्या देवाबरोबर मोकळेपणाने वावरायचे त्याचीच चाहूल आता नकोशी झाली. दुसरी गोष्ट, आदामाला विचारल्यावर तो म्हणतो की तू मला सोबतीला जी स्त्री दिलीस तिने मला दिलं, म्हणजे एका वाक्यात बायकोवरही ढकललं आणि देवावरही. मग चौथ्या अध्यायात त्यांचा मुलगा काइन. देव त्याला आधीच सावध करतो की पाप दाराशी टपून बसलंय, तू त्याच्यावर सत्ता चालव, तरी तो भावाला शेतात नेऊन मारतो आणि विचारल्यावर उलट प्रश्न करतो, मी काय माझ्या भावाचा राखणदार आहे का? आणि त्याच अध्यायात थोडं पुढे काइनाच्याच वंशातला लामेख येतो, ज्याच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. हा आपल्या दोन बायकांना गाणं म्हणून दाखवतो की मला जखम केली म्हणून मी एका माणसाला ठार केलं, काइनासाठी सातपट सूड तर माझ्यासाठी सत्त्याहत्तरपट. आदाम लाजून लपला, काइन उर्मटपणे खोटं बोलला, लामेख गाणं गातोय. फक्त दोन अध्यायांत एवढा प्रवास, आणि यात जे सगळ्यात आधी मेलं ते म्हणजे लाज वाटणं.

पण एका माणसाच्या आत हे कसं घडतं ते बघायचं असेल तर मी दावीद राजाकडे जाईन. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात 11 वा आणि 12 वा अध्याय आहे, मला वाटतं पापाबद्दल इतकं खरं फार कमी ठिकाणी लिहिलं गेलंय. त्याआधी एक छोटी गोष्ट लक्षात ठेवा, तरुण दावीद तेव्हाच्या राजापासून, शौलापासून, जीव वाचवत फिरत असतो तेव्हा एका गुहेत शौल त्याच्या हातात सापडतो, आणि दावीद त्याला न मारता फक्त त्याच्या झग्याचं टोक कापून घेतो. तेवढ्यावरूनही दाविदाचं मन त्याला खायला लागतं. कापडाचा एक तुकडा! इतकं जागं मन होतं त्याचं.

आणि तोच दावीद. राजे लढाईला जायच्या दिवसांत हा आपला सेनापती यवाब याला आणि सैन्याला पाठवून स्वतः यरुशलेमेत राहिलेला, संध्याकाळी गच्चीवरून त्याला बथशेबा दिसते. तो चौकशी करतो, लोक सांगतात ती दाविदाच्याच सैन्यातल्या उरीयाची बायको आहे, म्हणजे माहिती नव्हती असं नाही, तरी तो तिला बोलावून घेतो. ती गरोदर आहे असं कळवते. मग उरीयाला रणांगणावरून बोलावलं जातं, घरी जा, आराम कर म्हणून, म्हणजे मूल त्याचंच आहे असं सगळ्यांना वाटेल. उरीया घरी जात नाही. तो म्हणतो कराराचा कोश (देवाच्या आज्ञांची पवित्र पेटी), इस्राएल, यहूदा तंबूत राहतायत, माझे सोबती उघड्यावर आहेत आणि मी घरी जाऊन खाऊपिऊ आणि बायकोजवळ झोपू? दाविदाला हे ऐकून लाज वाटायला हवी होती, वाटली नाही, त्याने दुसऱ्या दिवशी त्याला दारू पाजली. तरी उरीया घरी गेला नाही. मग दाविदाने यवाबाला पत्र लिहिलं की याला जोराच्या लढाईत पुढे उभं करा आणि मागे सरा, म्हणजे हा मरेल, आणि ते पत्र पाठवलं उरीयाच्याच हातून. त्याचा प्रामाणिकपणा माहीत होता म्हणूनच ना, की हा पत्र उघडणार नाही. चांगल्या माणसाचा चांगुलपणाच त्याला मारायला वापरला.

उरीया मेला, त्याच्याबरोबर आणखी काही सैनिक मेले, आणि दाविदाने यवाबाला निरोप धाडला की याचं वाईट वाटून घेऊ नको, तलवार कधी याला तर कधी त्याला खाते. झग्याच्या टोकाने अस्वस्थ होणारं मन हे बोलतंय.

आता खरी भीतीदायक गोष्ट पुढे आहे. महिने जातात, मूल जन्माला येतं आणि मगच नाथान संदेष्टा येतो. मधल्या काळात दाविदाने राज्य चालवलं असणार, न्यायनिवाडे केले असणार. नाथान त्याला एका श्रीमंताची गोष्ट सांगतो ज्याच्याकडे भरपूर गुरंमेंढरं होती, तरी पाहुणा आला तेव्हा त्याने गरिबाची एकुलती एक पोटच्या मुलीसारखी वाढवलेली मेंढी हिसकावून कापली. दावीद खवळतो. म्हणतो तो माणूस मरणाला पात्र आहे, त्याने चौपट भरून दिलं पाहिजे. हा राग खोटा नाहीये मंडळी, मनापासून आलेला आहे, त्याची न्यायबुद्धी एकदम नीट चालतेय, फक्त दुसऱ्याच्या बाबतीत. नाथानाला सांगावं लागतं, तो माणूस तूच आहेस.

पापाने स्वभाव बिघडतो म्हणजे हे. माणूस दगड होत नाही, त्याला चांगलंवाईट कळायचं बंद होत नाही, त्याला स्वतःचं दिसायचं बंद होतं. ज्या नजरेने आपण आपलं पाप शोधणार तीच नजर पापाने आधी खराब केलेली असते. यिर्मया संदेष्टा म्हणतो हृदय सगळ्यात कपटी आहे, त्याचा भेद कोणाला समजतो? कपट दुसऱ्यांशी नंतर, आधी आपल्याशीच. म्हणून ‘मी मनापासून प्रार्थना केली, मला आतून काही टोचत नाहीये, म्हणजे माझं बरोबरच असेल’ हे लॉजिक ख्रिस्ती माणसाला चालत नाही. दाविदालाही टोचत नव्हतं.

प्रेषित पौल रोमच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रात, रोमकरांस पत्रात, पहिल्याच अध्यायात तीनदा म्हणतो की देवाने माणसांना त्यांच्या वासनांच्या स्वाधीन केलं, म्हणजे पापाची शिक्षा काय तर जे हवं होतं ते करायची मोकळीक. आणि अध्यायाच्या शेवटी तो म्हणतो की लोक नुसतं तसं करतच नाहीत तर तसं करणाऱ्यांना शाबासकीही देतात. एक माणूस बिघडला आणि गप्प बसला असं होत नाही, मग कधी घराची रीत तशी होते, कधी कामाच्या ठिकाणची, कधी अख्ख्या समाजाची, आणि त्यात जन्मलेल्या पोराला ते नॉर्मलच वाटतं.

यावर चर्चमध्ये वादही बरेच झाले, थोडक्यात सांगतो. ऑगस्टीन यांच्या काळात पेलाजियस नावाचे एक संन्यासी वृत्तीचे शिक्षक होते, त्यांचं म्हणणं साधारण असं की आदामाने वाईट उदाहरण घालून दिलं एवढंच, माणसाने ठरवलं तर तो स्वतःच्या बळावर चांगलं जगू शकतो. 418 मध्ये कार्थेजच्या परिषदेने हे नाकारलं. पुढे कॅथलिक चर्चने 1546 मध्ये ट्रेंटच्या परिषदेत आदिपापाबद्दलची, म्हणजे आदामापासून सगळ्यांत आलेल्या पापाबद्दलची शिकवण मांडली, प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथर आणि कॅल्विन यांनी बिघाड आणखी खोल आहे असं सांगितलं, आणि ऑर्थोडॉक्स चर्च म्हणतं की आदामाचा दोष आपल्याकडे वारशाने येत नाही, मरण आणि बिघडलेपण येतं. फरक आहेत आणि ते छोटे नाहीत. पण माणसाने जोर लावला की तो स्वतःच सुधारेल, कृपेची गरज नाही, असं पेलाजियस सोडले तर यातलं कोणीच म्हणत नाही. आणि कॅल्विनवादी लोक माणूस संपूर्ण भ्रष्ट आहे म्हणतात तेव्हा त्यांना प्रत्येक जण शक्य तितका दुष्ट आहे असं म्हणायचं नसतं, त्यांचा मुद्दा असा की बुद्धी, इच्छा, भावना, शरीर, यातला एकही कोपरा न बिघडता राहिलेला नाही.

रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय तुम्ही वाचला असेल. मला जे करायची इच्छा आहे ते मी करत नाही, ज्याचा मला तिटकारा आहे तेच करतो. व्यसनातून बाहेर पडायची धडपड करणाऱ्याला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. रागावर ताबा ठेवायचं ठरवून तासाभरात मुलावर ओरडणाऱ्या आईबापालाही नाही. अशा माणसाला नुसतं जरा कंट्रोल कर म्हणणं हे मला निष्ठुरपणाचं वाटतं, कारण जिथून कंट्रोल यायचा तीच जागा जखमी आहे. पौल तिथे आपला निश्चय वाढवायला बसत नाही, तो विचारतो की मला कोण सोडवील, आणि उत्तर देतो की येशू ख्रिस्ताद्वारे देव.

चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचे बिशप अथनासियस यांनी हे एका चित्रावरून समजावलं होतं. लाकडी फळीवर कोणाचं तरी चित्र काढलेलं आहे आणि ते डागांनी पार खराब झालं, तर फळी फेकून देत नाहीत, ज्याचं चित्र आहे तो माणूस परत येऊन समोर बसतो आणि त्याच फळीवर चित्र पुन्हा रेखाटलं जातं. देवाचं प्रतिरूप माणसात असं डागाळलं, म्हणून ज्याचं ते रूप तो पुत्र स्वतः देह धारण करून आला. फळी फेकली नाही हे मला फार मोलाचं वाटतं. स्वतःबद्दल घृणा घेऊन जगणारे खूप जण असतात, आपण मुळातच घाण आहोत असं कोणीतरी त्यांना लहानपणापासून सांगितलेलं असतं आणि कधीकधी धर्माच्या नावाने सांगितलेलं असतं, त्यांनी हे जरूर ऐकावं.

पुन्हा रेखाटायला वेळ लागतो मात्र. जॉन न्यूटन हे नाव काहींना माहीत असेल, त्यांनी लिहिलेली भजनं आजही चर्चमध्ये गातात. 1748 मध्ये समुद्रात मोठ्या वादळात सापडले तेव्हा त्यांनी देवाचा धावा केला आणि तिथून ते देवाकडे वळले. आणि त्यानंतर, आधी नाही, त्यानंतर, 1750 ते 1754 या काळात ते गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांचे कॅप्टन होते. वर बायबलवाचन आणि प्रार्थना चालायच्या, खाली साखळदंडात माणसं. त्या काळात त्यांना यात काही गैर वाटलं नाही, आजूबाजूच्या कोणालाच वाटत नव्हतं. समुद्रावरचं काम सुटलं तेही तब्येतीमुळे. पुढे ते पाळक झाले, वर्षं गेली, देव त्यांच्यात काम करत राहिला, आणि 1788 मध्ये, त्या वादळानंतर 40 वर्षांनी, त्यांनी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पत्रक छापलं आणि जहाजावर काय काय चालतं ते सगळं उघड लिहिलं, सरकारी चौकशीपुढे साक्ष पण दिली. त्या पत्रकात ते म्हणतात की ज्या धंद्याच्या आठवणीने आज माझं काळीज थरथरतं त्यात मी एकेकाळी स्वतः हात घातला होता, याची शरम मला कायम राहील. इंग्लंडच्या पार्लमेंटने तो व्यापार बंद करायचा कायदा 1807 च्या मार्चमध्ये पास केला, तेव्हा न्यूटन 81 वर्षांचे होते, डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं, त्याच वर्षी डिसेंबरात ते वारले.