शिक्क्याचा पगार कोण देतं?

जेरुसलेम. महाने येहुदा बाजाराजवळची एक छोटी खाणावळ. दुकान अजून उघडायचंय. आत एकजण लेट्यूसची पानं पाण्यातून काढतो, एकेक पान उजेडासमोर धरतो, उलटसुलट करून पाहतो. पानावर मावा दिसला की ते पान बाद. मग अंडी. एकेक अंडं काचेच्या पेल्यात फोडायचं. रक्ताचा ठिपका आढळला तर फेकायचं. शेवटी शेगडीही तोच पेटवतो. स्वयंपाकी ज्यू नसेल, तर निदान विस्तव तरी ज्यू माणसाच्या हातचा हवा.

हा माशगियाख, म्हणजे कोशेरचा, ज्यू धर्मातल्या खाण्यापिण्याच्या नियमांचा, निरीक्षक. त्याच्या देखरेखीवरच रब्बीनेटचं, म्हणजे रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) सरकारी यंत्रणेचं, प्रमाणपत्र भिंतीवर लागतं.

आणि त्याला पैसे कोण देतं? वर्षानुवर्षं, बहुतेक ठिकाणी, त्या खाणावळीचा मालकच.

ज्याच्या चुका दाखवायच्या, त्याच्याच गल्ल्यातून पगार घ्यायचा! प्रामाणिक माणसाचीही यात कुचंबणा होते. मालकाचीही होते, कारण प्रमाणपत्र गेलं तर धार्मिक गिऱ्हाईक गेलं. मोठ्या हॉटेलाला हा खर्च पेलतो. चार टेबलांच्या खाणावळीला शुल्क, निरीक्षकाचा पगार आणि वर "पालेभाजी अमक्याकडूनच घ्या" ही अट, हे सगळं जड जातं.

नको असेल तर सोडून द्यावं? तेही सोपं नाही. 1983 च्या कायद्यानं रब्बीनेटच्या मान्यतेशिवाय खाणावळीला 'कोशेर' म्हणवून घेता येत नाही, आतला स्वयंपाक कितीही काटेकोर असो.

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंच्या घरी मटणाच्या रश्शात नारळाचं दूध पडायचं, कारण मांसाबरोबर गाई-म्हशीचं दूध चालत नाही. तिथे कागद नव्हता. रांधणारीवर विश्वास होता. अर्थात घरच्या पंगतीला जे पुरतं, ते अनोळखी गिऱ्हाइकाला पुरत नाही. त्याला तपासणी हवीच. फक्त ती मिंधी नसावी.

जेरुसलेममध्ये रब्बी आरोन लाइबोविट्झ यांनी हेच मनावर घेतलं. 'हाश्गाखा प्रातित' नावानं त्यांनी रब्बीनेटबाहेरची देखरेख सुरू केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सप्टेंबर 2017 मध्ये निकाल लागला: 'कोशेर' शब्द वापरू नका, पण कोणते नियम पाळता आणि कोण तपासतं, हे खुशाल लिहा. 2018 मध्ये हे काम त्सोहार या रब्बींच्या संस्थेनं हाती घेतलं. तिच्या निरीक्षकाला पगार संस्था देते. पैसा शेवटी खाणावळीच्या शुल्कातूनच येतो, पण मालक त्याला कामावरून काढू शकत नाही. माझ्या मते सगळा फरक इथेच पडतो.

2021 मध्ये धर्मसेवा मंत्री मातान काहाना यांनी कायदा बदलून खाजगी संस्थांनाही प्रमाणपत्र देण्याची वाट करून दिली. पुढच्या वर्षाअखेर सरकार बदललं. खातं आलं शास या कट्टर धार्मिक पक्षाकडे, आणि शासचा या बदलाला पहिल्यापासून विरोध होता.

त्सोहारच्या खाणावळींत भिंतीवर कागद आहे. नियम लिहिलेत, तपासणाऱ्या संस्थेचं नाव आहे. 'कोशेर' हा शब्द तेवढा नाही.