रंग देण्याआधी पाया पाहू या

श्रोतेहो, प्रभू येशूच्या नावाने तुम्हां सर्वांना सलाम.

पुण्याच्या पेठेतल्या जुन्या वाड्यात जो राहिला आहे, त्याला ओलीची गोष्ट वेगळी सांगायला नको. दिवाळीच्या तोंडावर भिंत खरवडायची, लांबी भरायची, रंग द्यायचा, आणि पुढच्या श्रावणात त्याच जागी पुन्हा पोपडे. ओल खालून चढत असते. आमच्या देवळाच्या भिंतीचंही तसंच झालं आणि कमिटीची बैठक बसली. पत्रे, सिमेंट, ठेकेदार यांवर दोन तास बोलणं झालं. प्रार्थना दोनदा झाली, सुरुवातीला आणि शेवटी, मिळून पाच मिनिटं. मीही त्या बैठकीत होतो. घरी परतताना मला बायबलमधला योशीया राजा आठवला.

२ राजे, अध्याय २२. योशीयानेही मंदिराची दुरुस्तीच काढली होती. सुतार आणि गवंडी कामाला लावले होते. त्या माणसांबद्दल तिथे एक गोष्ट लिहिली आहे, ती मला फार आवडते: हाती दिलेल्या पैशाचा हिशेब त्यांच्याकडून कोणी घेत नसे, कारण ते सचोटीने वागत. याच दुरुस्तीच्या वेळी हिल्कीया याजकाला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. देवाचं वचन हरवलं होतं ते देवाच्याच घरात! याजक होते, लोकांकडून पैसाही जमत होता. शाफान चिटणीसाने ग्रंथ वाचून दाखवला, तेव्हा राजाने आधी स्वतःची वस्त्रं फाडली. मग हुल्दा संदेष्ट्रीकडे माणसं पाठवली, आणि पुढे लहानथोरांना गोळा करून सगळा ग्रंथ वाचला.

आपल्या मंडळीत आपण काय मोजतो? रविवारची हजेरी, वर्गणी, नाताळच्या कार्यक्रमाचा खर्च. पहिल्या मंडळीबद्दल प्रेषितांची कृत्ये २:४२ मध्ये मात्र वेगळ्याच गोष्टी नोंदल्या आहेत: प्रेषितांचं शिक्षण, सहवास, भाकर मोडणं, प्रार्थना. बाकीच्यांचं सवडीने बोलू, पण भाकर मोडण्यापाशी, म्हणजे प्रभुभोजनापाशी, मला थांबायचंय. एकाच बाकावर बसणारी दोन घरं वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. कधी निवडणुकीवरून, कधी मुलाच्या लग्नात मान राहिला नाही म्हणून. तरी दोघंही एकाच पेल्याला ओठ लावतात. प्रभूने तर सांगितलं आहे की अर्पण वेदीपुढे तसंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. पाया तपासायचा असेल तर पहिली कुदळ इथे पडायला हवी असं माझं मत आहे. पाळकांनी आणि पंचांनी त्या घरांची पायरी चढावी. पत्र पाठवून हे काम होत नाही. आणि पंचांचंच आपसात वाकडं असेल, तर त्यांनी आधी एकमेकांच्या घरी जावं.

हे घडू शकतं, आणि त्याची साक्ष आपल्या शेजारीच आहे. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत केडगाव लागतं. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ च्या जानेवारीत पंडिता रमाबाईंनी नेमाने प्रार्थना सुरू करवली. बायका-मुली रोज एकत्र येऊन प्रार्थना करू लागल्या. जूनमध्ये त्या मुली आपली पापं कबूल करत रडू लागल्या, आणि तिथल्या संजीवनाची, म्हणजे विश्वासाच्या नव्या जागृतीची, बातमी देशाबाहेर गेली. जानेवारी ते जून हे मधले महिने आपण विसरतो. रोज गुडघे टेकायचे आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही, असे ते महिने. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत उतरवलं, साध्या बाईलाही ते वाचून कळावं म्हणून. आपल्या घरी ते कपाटावर आहे, कापडात गुंडाळलेलं. योशीयाच्या काळासारखं शोधायलाही जावं लागत नाही, हात वर केला की मिळतं.

इफिसच्या मंडळीला प्रभूने सांगितलं: तू कोठून पडला आहेस याची आठवण कर, पश्चात्ताप कर, आणि आपली पहिली कृत्ये कर. त्या मंडळीत श्रमही होते, धीरही होता. कमी झाली होती ती पहिली प्रीती.

आमच्या मंडळीत येत्या बुधवारी संध्याकाळी कमिटी पुन्हा बसणार आहे. आधी २ राजे, अध्याय २२ मोठ्याने वाचायचा असं ठरलं आहे. त्यानंतर ज्याला ज्याच्या घरी जायचं असेल, त्याने त्याच रात्री जायचं. ठेकेदाराला पुढच्या आठवड्यात बोलावलं आहे.