अक्षरांची बेरीज, टॅरोच्या पत्त्यांचा अर्थ

[दृश्य: भिंतीवर ओरखडलेली ग्रीक अक्षरं]

इटलीतलं पाँपेई. इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं शहर. तिथल्या एका भिंतीवर कुणीतरी ग्रीकमध्ये लिहून ठेवलंय : जिचा अंक 545, तिच्यावर माझं प्रेम आहे.

ग्रीक लोक आकडे अक्षरांतच लिहीत. अल्फा म्हणजे 1, बीटा म्हणजे 2. त्यामुळे कुठल्याही नावाची बेरीज करता येई. पण 545 बेरीज येणारी नावं कितीतरी. ही मुलगी कोण, ते आता कुणी सांगू शकणार नाही. तिला स्वतःला कळलं असावं, अशी आशा.

हिब्रूतल्या अशाच अक्षरगणिताला गेमाट्रिया म्हणतात. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात श्वापदाचा अंक दिलाय, 666. 'नेरॉन केसर' हे नाव हिब्रू अक्षरांत लिहून बेरीज केली, की नेमके 666 भरतात. काही जुन्या प्रतींत मात्र 616 आहे. लॅटिन वळणाने 'नेरो' लिहिलं तर शेवटचा न गळतो, आणि न ची किंमत आहे 50! म्हणून अनेक अभ्यासकांना इथे रोमन सम्राट नीरो दिसतो.

[दृश्य: ताडपत्रावरची ओळ]

संस्कृतात अक्षरांना अंक देणारी कटपयादी पद्धत आहे. तिच्यात ज म्हणजे 8, य म्हणजे 1, आणि अंक वाचायचे उलट्या क्रमाने. 'जय' म्हणजे 18. महाभारताचं जुनं नाव जय. पर्वं 18, युद्धाचे दिवस 18, गीतेचे अध्यायही 18. ऐकायला झकास! पण कटपयादीचे मिळणारे पुरावे सातव्या शतकाच्या सुमाराचे, महाभारत त्याच्या बरंच आधीचं. हा 18 मागाहून सापडलेला दिसतो.

'नारायणीयम्' या संस्कृत भक्तिकाव्याची गोष्ट वेगळी. त्याचा शेवट होतो 'आयुरारोग्यसौख्यम्' या शब्दाने. कटपयादीने वाचला तर 1712210, म्हणजे कलियुग सुरू झाल्यापासून मोजलेला, ग्रंथ पुरा झाला तो दिवस. कवीने आकडा मुद्दाम ठेवला, कारण किल्ली वाचकाकडे आहे हे त्याला ठाऊक होतं.

[दृश्य: टॅरोचे पत्ते पसरले जातात]

टॅरो म्हणजे भविष्य सांगायला वापरतात ते चित्रांचे पत्ते. त्यांची किल्ली बरीच उशिरा घडली. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हे पत्ते चक्क खेळायला वापरत. 1781 मध्ये पॅरिसच्या कूर द जेबलॅंने जाहीर केलं, की यात प्राचीन इजिप्तचं ज्ञान आहे. इजिप्तची चित्रलिपी तेव्हा कुणालाच वाचता येत नव्हती, हे त्याच्या पथ्यावर पडलं. त्याच ग्रंथात 22 मुख्य पत्त्यांची हिब्रूच्या 22 अक्षरांशी सांगड घातली गेली. मग अक्षरावरून अंक, अंकावरून पत्ता, असा कुठलाही मजकूर 'उलगडता' येऊ लागला.

पण कुठला पत्ता? फ्रेंच गूढविद्यावादी एलिफास लेव्हीने 'मूर्ख' हा पत्ता शेवटून दुसऱ्या अक्षराला दिला, लंडनच्या गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळाने पहिल्याला. 1909 च्या, लेखक वेट आणि चित्रकार पामेला कोलमन स्मिथ यांच्या संचात 'न्याय' आणि 'सामर्थ्य' या पत्त्यांनी जागा बदलल्या. आठव्या क्रमांकावर आधी न्याय होता, तिथे सामर्थ्य आलं. मजकुराचं एक अक्षरही बदललेलं नसताना अर्थ बदलला! अंकशास्त्रात तर बेरीज एकअंकी होईपर्यंत करत राहायचं. उत्तरं नऊच. जुळणारं वाक्य सापडणारच.

तरीही अर्थ न लागता अडून बसलेली एखादी कविता घ्या आणि शेजारी टॅरोचा एक पत्ता उघडा. समजा, 'उलटा टांगलेला माणूस' निघाला. कवीने तो तिथे लपवलेला नाही. पण मग ती कविता शेवटच्या ओळीकडून वर वाचत जा. सरळ वाचताना नजरेतून निसटलेली एखादी ओळ हाती लागू शकते.