पहिल्या कळांची रात्र

श्रोतेहो, नमस्कार.

आमची कुत्री राणी पहिल्यांदा व्यायला झाली, त्या रात्री माझ्या हातून एक चूक घडली. संध्याकाळपासून ती बेचैन होती. कोपऱ्यात जाऊन पंजांनी चादर खरवडायची, गोल फिरून बसायची, लगेच उठायची. धापा टाकत होती, अंगाला कंप सुटला होता, आवडीचं खाणंही तिने नुसतं हुंगून सोडलं. माझा जीव घाबरा झाला. मी घरातल्या सगळ्यांना हाका मारल्या, दिवे लावले आणि तिला उचलून गाडीत घातलं. दवाखान्यात पोचेपर्यंत तिचं खरवडणं, फिरणं सगळं थांबलं होतं. कान पाडून ती दाराकडे बघत बसली होती. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "आत्ता कुठे सुरुवात आहे. घरी न्या, दिवे मंद करा, आणि तिचं जे एक माणूस आहे तेवढंच जवळ बसू दे."

ते असं का म्हणाले, हे मला नंतर कळलं. कुत्री घाबरली की तिच्या शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि ते कळांना आवर घालतं. धोक्याच्या जागी पिल्लं होऊ नयेत, अशी ही निसर्गाची सोय. पण आपण केलेली गडबडही तिला धोकाच वाटते, आणि सुरू झालेल्या कळा मागे पडतात.

मी जिला आजार समजले, तो बाळंतपणाचा पहिला टप्पा होता. गर्भाशय आकुंचन पावत असतं, त्याचं तोंड हळूहळू उघडत असतं, पण बाहेरून जोर केलेला दिसत नाही. दिसतं ते एवढंच: धाप, थरथर, अंथरूण खरवडणं, लपायला जागा शोधणं, पुन्हा पुन्हा मागे वळून स्वतःचं अंग चाटणं. एखादी उलटीही होते. हे सहसा 6 ते 12 तास चालतं, पहिलटकरणीला कधी 24 तास किंवा त्याहूनही जास्त लागतात. एवढा वेळ नुसतं बसून राहायचं फार जड जातं, हे मी अनुभवाने सांगते.

ही रात्र कधी येणार, याचा अंदाज थर्मामीटर देतो. गाभणपण साधारण 63 दिवसांचं, पण मिलनाच्या तारखेपासून मोजलं तर हिशेब चार-पाच दिवस इकडे-तिकडे होतो, कारण नराचं बीज मादीच्या शरीरात काही दिवस जिवंत राहतं. म्हणून शेवटच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ तिच्या अंगाचं तापमान मोजा. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला थोडं व्हॅसलिन लावून गुदद्वारातून. एरवी 101-102 फॅरनहाइटच्या आसपास असणारा आकडा 99 च्या खाली उतरला, की बहुतेक वेळा 24 तासांच्या आत कळा सुरू होतात. ही उतरण थोडाच वेळ टिकते, दिवसातून एकदाच मोजलंत तर हुकू शकते.

जागा मात्र आधीच तयार हवी, आठ-दहा दिवस तरी. ऐन वेळी मांडलेल्या खोक्यात ती बसणार नाही, तुमच्या कपाटात किंवा पलंगाखाली जाईल. तिला पाय ताणून आडवं होता येईल एवढं खोकं, एका बाजूने तिला सहज ओलांडता येईल असं, तळाशी वर्तमानपत्रं आणि वर धुतलेली जुनी फडकी. फडकी भरपूर ठेवा, ती खरवडून ढीग करणारच. ढीग केला म्हणून रागावू नका, पुन्हा पुन्हा सारखंही करू नका. लांब केसांची असेल तर शेपटीखालचे आणि सडांभोवतीचे केस आधीच कातरून घ्या. पाणी जवळ ठेवा, खाण्याचा आग्रह नको. लघवीला बाहेर न्यायचं तर पट्टा लावून आणि रात्री टॉर्च घेऊन, कारण एखादं पिल्लू तिथेच बाहेर येऊ शकतं.

दोन गोष्टी अजिबात करू नका. आपल्या मनाने कॅल्शियम देऊ नका. गाभणपणात वरून कॅल्शियम दिलं तर शरीर स्वतःच्या हाडांतून ते काढायचं विसरतं, आणि पुढे दूध सुरू झालं की तिला झटके येण्याचा धोका वाढतो. आणि कळा वाढवायचं इंजेक्शन कुणाच्याही सांगण्यावरून टोचू नका. पिल्लू आडवं अडकलेलं असेल तर त्याने गर्भाशय फाटू शकतं.

मग आपण करायचं काय? घड्याळ आणि वही घेऊन बसायचं. धाप कधी लागली, पहिला खरा जोर कधी केला, पाणमोट, म्हणजे पिल्लाभोवतीची पाण्याची पिशवी, कधी दिसली, सगळ्यांच्या वेळा लिहायच्या. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात. जोरदार कळा देऊन अर्धा तास झाला तरी पिल्लू नाही, दोन पिल्लांच्या मध्ये दोन तासांहून जास्त गेले, तापमान 99 च्या खाली उतरून 24 तास उलटले तरी काहीच नाही, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवट स्राव आला, तर लगेच फोन करा. हिरवा रंग म्हणजे वार, गर्भाशयात पिल्लाला पोसणारी, सुटायला लागली आहे. पहिल्या पिल्लानंतर तोच रंग दिसला तर घाबरायचं कारण नाही. आणि पिल्लाचे मागचे पाय आधी दिसले तरी हादरू नका, कुत्र्यांमध्ये कितीतरी पिल्लं तशीच नीट जन्मतात.

त्या रात्री घरी परतल्यावर मी दिवे मालवले आणि खोक्याशेजारी जमिनीवर बसले. तासभर राणीने काहीच केलं नाही. मग हळूच उठली, फडकी ओढून पुन्हा ढीग केला, त्यावर आडवी झाली आणि हनुवटी माझ्या गुडघ्यावर टेकवली. पहाटे 3 वाजून 40 मिनिटांनी तिचं सगळं अंग ताठ झालं. मी वहीत लिहिलं, "पहिला जोर." 4 ला पाच कमी असताना ती एक ओलं, काळं गाठोडं चाटत होती, आणि ते चिंचिं करत होतं.

नमस्कार.