वॅगोनियर: २९ वर्षं तोच चेहरा

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेत मिलवॉकी शहरात ब्रूक्स स्टीव्हन्स नावाचे डिझायनर होते. १९५४ साली जाहिरातवाल्यांसमोर केलेल्या भाषणात त्यांनी एक सूत्र मांडलं. जुनी वस्तू धडधाकट असतानाच गिऱ्हाइकाला नवीचे डोहाळे लागले पाहिजेत, असा त्याचा मथितार्थ. त्यावरून त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. आणि गंमत अशी, की याच गृहस्थांच्या हातची जीप वॅगोनियर १९६३ ते १९९१ अशी २९ मॉडेल वर्षं जवळपास त्याच अंगलटीत खपत राहिली!

मुळापासून सांगतो. दुसरं महायुद्ध संपलं आणि लष्करासाठी जीप बनवणाऱ्या विलिस कंपनीला घरगुती गिऱ्हाइकाची गरज भासू लागली. पण गाड्यांचे सांगाडे बनवणारे कारखानदार मोठ्या कंपन्यांच्या कामात गळ्यापर्यंत बुडालेले. तेव्हा स्टीव्हन्सनी साधे, उथळ पत्रे जोडून होईल अशी स्टेशन वॅगन आखली. घरगुती उपकरणांचे पत्रे दाबणाऱ्या यंत्रांवरही ते निघावेत, हा हिशेब. त्या काळी वॅगनचं अंग लाकडी असायचं. ही सगळी पोलादी. पण लोकांना सवयीचं वाटावं म्हणून वरून लाकडासारखा रंग दिला. आपल्याकडे महिंद्रांनी मुंबईत जिची जुळणी केली, ती जीप याच विलिसची.

त्या वॅगनची वारसदार म्हणजे वॅगोनियर. ओहायोतल्या टोलेडोच्या कारखान्यातून ती १९६२ च्या अखेरीस, १९६३ चं मॉडेल म्हणून, बाहेर पडली. चारही चाकांना ताकद, आणि हवा असेल तर ऑटोमॅटिक गिअर. हा जोड तेव्हा नवलाचा होता. फोर बाय फोर म्हटलं की खडखडाट आणि दणके, अशीच लोकांची समजूत. चिखलातून निघून थेट क्लबच्या दारात उभी करता येईल अशी गाडी कुणी मागितलीही नव्हती. १९६६ ची सुपर वॅगोनियर तर व्ही-एट म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, वातानुकूलन, पॉवर स्टिअरिंग आणि बटणांचा रेडिओ घेऊन आली. आलिशान एसयूव्हीचा मान अनेकजण रेंज रोव्हरला देतात. ती आली १९७० मध्ये. माझं मत विचाराल, तर हा मान टोलेडोचा.

मालक मात्र बदलत गेले. विलिस विकत घेणाऱ्या कैसर कंपनीकडून १९७० साली जीपचा धंदा अमेरिकन मोटर्सकडे आला. ही कंपनी कायम हात आखडून चालणारी. नवे साचे पाडायला पैसा कुठून आणायचा? मग त्याच पत्र्याच्या आत सुधारणा. क्वाड्रा-ट्रॅक आलं, म्हणजे चारही चाकं कायम जोडलेली, मध्ये दांडा ओढायची भानगड नाही. १९७८ ची लिमिटेड आली ती चामड्याच्या आसनांसह, आणि दोन्ही बाजूंना लाकडाच्या रेषांची विनाइलची पट्टी घेऊन. खोटं लाकूड! उन्हात ते फिकट पडायचं. तरी श्रीमंतांनी ते आवडीनं मिरवलं.

१९८४ मध्ये कंपनीने धाकटी, हलकी वॅगोनियर काढली. आता थोरलीची सुट्टी, असाच बेत होता. पण थोरलीचे गिऱ्हाईक हटेनात. शेवटी तिला 'ग्रँड वॅगोनियर' म्हणून ठेवावीच लागली. साचे जुने, किंमत चढी. एकेका गाडीमागे नफा चांगला सुटायचा. १९८७ मध्ये क्रायस्लरने अमेरिकन मोटर्स विकत घेतली, आणि नव्या मालकांनीही तिला हात लावला नाही.

तोवर बाकीच्या गाड्यांत इंधन इंजेक्शन, म्हणजे इंधन मोजून फवारायची सोय, आलं होतं. हिचं ५.९ लिटरचं व्ही-एट इंजिन अखेरपर्यंत कार्ब्युरेटरवरच, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळायच्या जुन्या पद्धतीवरच चाललं, आणि लिटरला जेमतेम चार-पाच किलोमीटर द्यायचं. १९९१ मध्ये उत्पादन थांबलं. तीस वर्षांनी, २०२२ च्या मॉडेलसाठी, जीपने हे नाव परत आणलं. ती नवी गाडी जुनीपेक्षा कितीतरी अवाढव्य आहे. तिच्या बाहेरच्या अंगावर लाकडाची पट्टी नाही.