तारखेला मालक आलाच नाही

[दृश्य: वांद्रे-कुर्ला संकुल. सकाळची वेळ, बसमधून उतरणारी माणसं.]

बीकेसीच्या काचेच्या इमारतींमध्येच कामगार भवन आहे. राज्याच्या कामगार आयुक्तांचं कार्यालय इथलंच. नोकरीवरून काढलेला, मागणीपत्राला उत्तर न मिळालेला कामगार इथे समेट अधिकाऱ्यापुढे येतो. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत नेमणुकीचं पत्र, पगाराच्या जुन्या पावत्या आणि नोटिशीची घडी.

[दृश्य: टेबल, उघडी फाईल, समोर रिकामी खुर्ची.]

इथे निकाल लागत नाही. दोन्ही बाजूंनी समोरासमोर बसावं आणि अधिकाऱ्याने त्यांच्यात तडजोड घडवावी, एवढ्यासाठीच ही बैठक. पण एका बाजूची खुर्ची रिकामी असेल तर तडजोड कोणाशी करायची? 'साहेब बाहेरगावी आहेत, मुदत मिळावी' असं कंपनीचं पत्र येतं. कधी तेही येत नाही. रोजनाम्यात, म्हणजे त्या दिवसाच्या कामकाजाच्या नोंदीत, ओळ पडते: व्यवस्थापन गैरहजर, पुढील तारीख. खाली कामगाराची सही. कल्याणहून, विरारहून आलेल्या माणसाचा त्या सहीपायी एक खाडा पडतो. दुसरीकडे रोजंदारीवर लागला असेल, तर तेवढी मजुरी गेलीच.

आणि कामगारच दोन-तीन तारखांना आला नाही तर? त्याला या वादात रस उरलेला नाही असा शेरा बसून फाईल बंद होऊ शकते. गैरहजेरी दोघांची सारखीच, पण किंमत एकालाच मोजावी लागते. हे आम्हाला अन्यायाचं वाटतं.

[दृश्य: गिरणगाव, जुनी छायाचित्रं.]

मुंबईत हा प्रश्न जुना आहे. गिरणी कामगारांच्या संपानंतर, 1934 साली, मुंबई प्रांताने समेटाचा कायदा केला. 1938 मध्ये समेटाची सक्ती करणारं आणि संपावर बंधनं घालणारं विधेयक आलं. त्याविरुद्ध 7 नोव्हेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र आले आणि कामगारांनी संप केला. समेटाच्या नावाखाली कामगाराचे हात बांधले जातील, ही भीती तेव्हाही होती.

[दृश्य: कामगार भवनाचा जिना.]

21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता, म्हणजे कामगार-मालक वादांचा नवा कायदा, लागू झाली. समेट चालू असताना आणि तो संपल्यावर सात दिवस संप करता येत नाही. केला, तर 1,000 ते 10,000 रुपये दंड, एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. बेकायदा टाळेबंदी करणाऱ्या, म्हणजे कामगारांना बाहेर ठेवून काम बंद करणाऱ्या, मालकाला दंड 50,000 ते 1 लाख रुपये. पण तारखेला नुसतं न येण्यासाठी असा ठरलेला आकडा नाही.

म्हणून कायदा हतबल आहे असं मात्र नाही. माणसाला हजर व्हायला लावण्यापुरते आणि कागदपत्रं मागवण्यापुरते दिवाणी न्यायालयाचे अधिकार समेट अधिकाऱ्याला आहेत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 32 मध्ये समन्स न जुमानणाऱ्यासाठी अटक वॉरंट आहे, मालमत्तेची जप्ती आहे, 5,000 रुपयांपर्यंत दंडही आहे. हे अधिकार वापरायचेच नसतील, तर दिले कशाला?

[दृश्य: कामगार अर्ज लिहितो आहे. पेनाचं टोक जवळून.]

तेव्हा मालक आला नाही, तर नुसती पुढची तारीख घेऊन परत फिरू नका. गैरहजेरीची नोंद रोजनाम्यात झाली का, ते सही करण्याआधी वाचा. समन्स काढावं असा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. एरवी 45 दिवसांत, आणि संपाची नोटीस दिलेली असेल तर 14 दिवसांत, समेट अधिकाऱ्याला अहवाल द्यावा लागतो. वाद मिटला नसेल, तर तो अहवाल मिळाल्यापासून 90 दिवसांत थेट औद्योगिक न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. पूर्वी सरकारने प्रकरण पाठवेपर्यंत अनेकांना थांबावं लागे, आता तसं नाही. अहवालाची प्रत हातात आली की तिच्यावर मिळाल्याची तारीख लिहून ठेवा. 90 दिवस तिथूनच मोजायचे आहेत.