गिअर गेले, ताण राहिला

[दृश्य: स्टँडला अडकवलेली रिकामी फ्रेम. कॅमेरा मागच्या चाकाच्या जागेवर.]

या फ्रेमला अजून चाकं नाहीत, हँडल नाही, सीटही नाही. तरी या सायकलचं निम्मं भवितव्य ठरून गेलंय. मागचा एक्सल, म्हणजे चाकाचा आस, जिथे बसतो ना, त्या दोन खाचांत.

आपण जुळवतोय सिंगल-स्पीड माउंटन बाइक. पुढे पेडलपाशी एक दातेरी चकती, म्हणजे चेनरिंग, मागे चाकावर एक छोटी, म्हणजे कॉग, बस्स. चढ आला म्हणून हलका गिअर टाकायची सोय नाही. त्यामुळे अनेकांना वाटतं, यात निवडायचं ते काय? गिअरच्या सायकलवरून गिअर बदलणारा डिरेलर आणि हँडलवरचा शिफ्टर उतरवले, की झाली सिंगल-स्पीड. उतरवून बघा. पहिल्याच खडबडीत उतारावर चेन पडते.

कारण डिरेलर दोन कामं करत असतो. चेन एका कॉगवरून दुसऱ्यावर नेणं हे सगळ्यांना दिसणारं काम. दुसरं काम मुकाट चालतं: त्याचा स्प्रिंगवाला हात चेनमधला सैलपणा सतत खेचून घेत असतो. पहिल्या कामाची आपल्याला गरज उरली नाही. दुसरं काम मात्र कुणीतरी करायलाच हवं. ते कोण करणार, हे ठरलं की बाकीच्या अर्ध्या निवडी आपोआप ठरतात.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. जाड टायरच्या, वजनदार फ्रेमच्या सायकली.]

तसं पाहिलं तर एकच गिअर ही डोंगरातल्या सायकलला नवी गोष्ट नाही. २१ ऑक्टोबर १९७६ ला कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत एका कच्च्या उतारावर शर्यत झाली. चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ ही माउंटन बाइकची सुरुवात करणाऱ्या त्या वर्तुळातली माणसं. सायकली बहुतेक दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या, जाड टायरच्या, आणि पुष्कळशा उलट पेडल मारून ब्रेक लावायच्या. उतार संपेपर्यंत मागचा हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं, आणि हब खोलून नव्याने ग्रीस भरावं लागायचं. त्यावरून त्या वाटेचं नावच पडलं रीपॅक, म्हणजे पुन्हा भरणं. गिअर पुढे आले, टिकले, चढ आवाक्यात आले. त्याबद्दल तक्रार नाही. नव्वदच्या दशकात काही जणांनी ते मुद्दाम काढून टाकायला सुरुवात केली. सिंगल-स्पीडची स्वतःची जागतिक स्पर्धाही भरते. जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून अंगावर टॅटू काढून घ्यावा लागतो, त्यावरून या मंडळींच्या गांभीर्याचा अंदाज यावा.

[दृश्य: चार वेगवेगळ्या फ्रेमचे मागचे भाग, एकापाठोपाठ.]

आता फ्रेम.

चेनला ताण द्यायचा म्हणजे क्रँक (पेडलचा दांडा) आणि मागचा एक्सल यांच्यातलं अंतर थोडं कमी-जास्त करता आलं पाहिजे. त्याच्या तऱ्हा आहेत. सगळ्यात जुनी म्हणजे मागे उघडणारी आडवी खाच. एक्सल मागे ओढायचा, बोल्ट आवळायचे. दिसायला साधी, पण दोन अडचणी आहेत. डिस्क ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे पॅड धरणारा चिमटा, फ्रेमवर पक्का असतो. एक्सल मागे सरकला की डिस्कही त्याच्याबरोबर सरकते आणि पॅडशी जुळवणी बिघडते. दुसरी अडचण ताकदीची. पंचाहत्तर किलोचा माणूस १७५ मिलिमीटरच्या क्रँकवर नुसता उभा राहिला, तरी ३२ दात्यांच्या चेनरिंगवरून चेनवर दोनशे किलोच्या आसपास ओढ येते. ही सगळी ओढ एक्सलच्या उजव्या टोकाला. बोल्ट जरा कमी आवळलेला असला की उजवं टोक पुढे सरकतं, चाक तिरकं होतं आणि टायर फ्रेमच्या डाव्या नळीला घासायला लागतो. म्हणून अशा फ्रेमवर चेन टग, म्हणजे एक्सलला मागून धरून ठेवणारा छोटा स्क्रू, हवाच. हाताच्या खटक्याने उघडणारा साधा क्विक-रिलीज इथे नको. बोल्ट असलेला एक्सल घ्या.

दुसरी तऱ्हा एक्सेंट्रिक बॉटम ब्रॅकेटची. बॉटम ब्रॅकेट म्हणजे क्रँक जिथे फिरतो ती जागा. इथे चाक जागचं हलत नाही, क्रँक हलतो. फ्रेममध्ये एक जाड गोळा, त्यातलं भोक मुद्दाम मध्यापासून बाजूला. गोळा फिरवला की क्रँक पुढे-मागे होतो. ब्रेकला धक्का नाही, चाक झटक्यात निघतं. पण गोळ्याभोवती माती गेली किंवा ग्रीस वाळलं की प्रत्येक पेडलला करकर सुरू होते, आणि ती नक्की कुठून येतेय हे शोधण्यात अख्खी दुपार जाते.

तिसरी तऱ्हा सरकत्या ड्रॉपआउटची, म्हणजे एक्सलच्या सरकत्या खाचेची, आणि निवड माझ्यावर सोडाल तर मी हीच घेईन. एक्सल धरणारी पट्टीच सरकते आणि ब्रेकचा कॅलिपर त्याच पट्टीवर असतो. चेन ताणा, ब्रेक जिथल्या तिथे. आजचा थ्रू-एक्सल, म्हणजे फ्रेमच्या आरपार जाणारा जाड एक्सल, तोही चालतो. बोल्ट तेवढे सांगितलेल्या जोराने आवळलेले हवेत.

आणि ज्यांच्याकडे आधीपासून साधी, उभ्या खाचेची फ्रेम पडून आहे त्यांचं काय? त्यांच्यासाठी एक जुगार आहे, सायकलवाले त्याला मॅजिक गिअर म्हणतात. चेनरिंग आणि कॉगच्या दात्यांची अशी जोडी शोधायची की चेन त्या ठरावीक अंतरात आपोआप घट्ट बसेल. चेनची एक कडी १२.७ मिलिमीटरची. एक दाता कमी-जास्त केला की एक्सलची हवी ती जागा साधारण तीन मिलिमीटरने बदलते. म्हणजे आकडेमोड करून जोडी सापडू शकते. पण चेन झिजते. अर्धा टक्का लांबली की जवळजवळ तेवढाच, तीन मिलिमीटरचा, फरक पडतो. म्हणजे नवी असताना चपखल बसलेली चेन बदलायची वेळ येईपर्यंत लोंबायला लागलेली असते. वर बोनस म्हणजे, नशिबाने जुळलेला गिअर तुमच्या पायांना झेपेलच असं नाही.

मग चेन टेन्शनर लावा. डिरेलरच्याच जागी बसणारा एक छोटा हात आणि कप्पी. दगडांवर तो नाचतो, ओढ्यात चिखल धरतो, पण सिंगल-स्पीड आपल्याला आवडते का हे बघण्यापुरता उत्तम. मागे सस्पेन्शन असलेल्या बहुतेक फ्रेमवर तर दुसरा इलाजच नाही, कारण सस्पेन्शन दबलं की क्रँक आणि एक्सलमधलं अंतर बदलतं. म्हणून नव्याने जुळवणार असाल तर मागचं सस्पेन्शन विसरा, हार्डटेल घ्या.

[दृश्य: मागचं चाक जवळून. हबवरून कॉग काढला जातोय.]

फ्रेमनंतर पैसे घालायचे ते मागच्या चाकात.

गिअरच्या सायकलचा हब वापरता येतो. फ्रीहबवर, म्हणजे हबच्या कॉग बसणाऱ्या भागावर, एक कॉग चढवायचा आणि उरलेल्या जागेत स्पेसर, म्हणजे बिनदात्यांच्या कड्या, भरायचे. यात फायदाही आहे: स्पेसर इकडचे तिकडे करून कॉग चेनरिंगच्या बरोबर रेषेत आणता येतो. पण कॉग जुन्या कॅसेटमधून, म्हणजे गिअरच्या कॉगच्या गठ्ठ्यातून, उचकटून लावू नका. हे बघा. कॅसेटमधल्या कॉगचे दाते आखूड आणि बाजूने कापलेले असतात, कारण चेनने त्यांच्यावरून सहज उतरावं असंच त्यांना बनवलेलं असतं. आपल्याला नेमकं उलटं हवंय. शिवाय तो पातळ. पातळ कॉगवर सगळी ओढ आली की तो ॲल्युमिनियमच्या फ्रीहबच्या कडांत रुततो. मग बाहेर काढताना हातोडी घ्यावी लागते. सिंगल-स्पीडसाठी बनवलेल्या कॉगचे दाते उंच असतात आणि बूड रुंद, त्यामुळे जोर जास्त जागेवर पसरतो.

खास सिंगल-स्पीडचा हब मिळाला तर आणखी चांगलं. कॅसेटची जागा लागत नसल्याने त्याच्या दोन्ही बाजूंच्या चकत्या दूर ठेवता येतात, स्पोकचा ताण दोन्हीकडे जवळजवळ सारखा होतो, आणि चाक मजबूत बनतं. उभं राहून हँडल खेचत चढणाऱ्याला हे मजबूत चाक उपयोगी पडतं.

पेडल मारल्यावर हब किती लवकर पकड घेतो, यावर मात्र गरजेपेक्षा जास्त चर्चा होते. ज्या हबला पकडायला पंधरा अंश लागतात, तो ३२ ला ५१ (पुढे ३२ दाते, मागे ५१) अशा हलक्या गिअरवर पेडलला चोवीस अंश रिकामं फिरवतो. तोच हब ३२ ला १८ वर आठ अंशांत पकडतो. म्हणजे एक गिअर ठेवल्यानेच ती उणीव बरीचशी भरून निघते. त्या पैशात चांगले टायर येतात.

[दृश्य: दोन कॉग शेजारी ठेवलेले, १८ आणि २०.]

आता तो प्रश्न, ज्यावर कुणाचंही एकमत होत नाही. गिअर कोणता?

सव्वीस इंची चाकांच्या काळात नियम सोपा होता: दोनास एक. पुढे ३२, मागे १६. चाकं २९ इंची झाली आणि तोच जोर ३२ ला १८ वर मिळायला लागला. पण आजच्या वाटा, आजचे रुंद टायर आणि खरं सांगायचं तर बहुतेकांचे गुडघे पाहता ३२ ला २० पासून सुरुवात करावी. या जोडीत पेडलची एक फेरी सायकलला साधारण ३.७ मीटर पुढे नेते. मिनिटाला नव्वद फेऱ्या मारल्या तर ताशी वीस किलोमीटर. सपाट रस्त्यावर याहून जोरात जाणाऱ्या मित्रांना हात हलवून निरोप द्यायचा. आणि चढावर ताशी सहाच्या वेगाला मिनिटाला फक्त सत्तावीस फेऱ्या. एकेक पेडल अख्ख्या अंगाचा भार टाकून खाली न्यायचं.

हे आपल्याला झेपेल का, याची परीक्षा विकत काही न घेता होते. गिअरच्या सायकलवर मागचा २०-२१ दात्यांचा कॉग निवडा, शिफ्टरवर चिकटपट्टी लावा आणि नेहमीची वाट त्यावरच पूर्ण करा. चिकटपट्टी कुठल्या चढावर काढावीशी वाटली, तो चढ लक्षात ठेवा. रोज तोच चढ असेल तर २२ घ्या.

[दृश्य: हँडल, फोर्क, क्रँक वेगाने जुळत जातात.]

बाकीचं सामान पटकन. हँडल रुंद घ्या, कारण चढावर तुम्ही हातांनीही सायकल खेचता. ग्रिप चांगल्या. फोर्क सस्पेन्शनचा की साधा, हा आवडीचा भाग. साधा घेतलात तर पुढचा टायर जाडजूड असू द्या. क्रँक तुमच्या पायांच्या लांबीला शोभेल तो. चेन आठ-स्पीडची साधी, स्वस्त आणि दणकट. चेनरिंगचे दाते आळीपाळीने जाड-बारीक असतील तर चेन आणखी घट्ट बसते, पण त्यासाठी दात्यांची संख्या सम हवी आणि चेन मल्टीस्पीडची, म्हणजे गिअरच्या सायकलची. जाड, रुंद चेन तिथे चालत नाही. गिअर, केबल, शिफ्टर, कॅसेट जाऊन किलोभराच्या आसपास वजन उतरतं. त्यासाठी सिंगल-स्पीड करू नये, पण उतरतं ते उतरतं.

[दृश्य: सायकल पूर्ण. हात हळूहळू क्रँक फिरवतोय. आवाज फक्त फ्रीव्हीलचा.]

आता ताण द्यायचा. चेनच्या खालच्या पट्ट्याच्या मधोमध बोट लावा. वर-खाली मिळून सेंटिमीटरभर हलली पाहिजे. ताठ तारेसारखी नको. तशी चेन बेअरिंग खाते.

आणि एवढ्यावर थांबू नका. क्रँक सावकाश फिरवत राहा, बोट चेनवरच ठेवा. बघा, इथे सैल आहे... आणि इथे, अर्ध्या फेरीनंतर, एकदम घट्ट. चेनरिंग कधीच अगदी मध्यावर बसलेली नसते. बोल्टने बसणारी चेनरिंग असेल तर ते बोल्ट किंचित सैल करा, घट्ट जागा वर आणा आणि चेनवर पान्याच्या मुठीने हलकी टिचकी द्या. चेनरिंग केसभर सरकते. आवळा, पुन्हा फिरवा, पुन्हा बघा. थेट क्रँकवर बसणाऱ्या चेनरिंगला ही मुभा नाही. तिथे सगळ्यात घट्ट जागेला सेंटिमीटरभर हालचाल ठेवायची आणि बाकीचा सैलपणा चालवून घ्यायचा.

मागच्या एक्सलचे बोल्ट उजवीकडून सुरू करून आवळा, चाक मध्यात धरून डावीकडचा. पहिल्या फेरीनंतर दोन्ही पुन्हा तपासा, आणि चेनही. नवी चेन सुरुवातीला जराशी सैल पडतेच.